माझ्या नावाने गेलेली उत्तरं

मिडवाइफने फोन नंबर विचारला तेव्हा माझ्याकडे द्यायला नंबरच नव्हता. हॅमिल्टनला येऊन मला तीन-चार महिने झाले होते, पण फोनमध्ये अजून पुण्याचंच सिम होतं, कारण बँकेचे ओटीपी त्यावर यायचे. घरात वायफाय होतं आणि घराबाहेर मी एकटी फारशी पडतच नव्हते. इथे सगळं गाडीवर अवलंबून, आणि मला गाडी येत नव्हती. ज्यांना माझ्याशी बोलायचं असेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचे, आणि या देशात माझ्याशी बोलायचं असणारा माणूस तसाही एकच होता. माझा नवरा. तो शेजारच्या खुर्चीवर बसला होता.

"माझा नंबर घ्या," तो म्हणाला. "मी तिला पाठवत जाईन."

मिडवाइफ म्हणजे गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यापर्यंत आपली काळजी घेणारी बाई. आमची मिडवाइफ पन्नाशीची, उंच, करड्या केसांची. दारातच "किया ओरा", म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणून आपले दोन्ही हात हातात घ्यायची. "दर आठवड्याला एक-दोन मेसेज येतील," तिने समजावलं. "बाळ जितक्या आठवड्यांचं असेल त्याप्रमाणे. काय खायचं, काय जपायचं. कधी प्रश्न असेल. त्याचं उत्तर द्यायचं. उत्तरात काही काळजीचं असलं तर ते लगेच माझ्याकडे येतं आणि मी फोन करते." मग नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून तिने विचारलं, "चालेल ना तुला?"

मी हो म्हणाले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला कोणी विचारलंच नाही असं मला म्हणता येत नाही. मला विचारलं होतं, आणि मला ते खरंच चालण्यासारखं वाटलं होतं.

पुण्यात असताना आमचं एक मूल तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, कोणाची चूक नसते. मला ते पटलं नाही. त्यानंतरचे चार महिने मी फोनमध्ये डोकं घालून बसले. पपई, जिना, स्कूटर, सर्दी, सर्दीवरची गोळी, एकेक करून सगळं शोधलं. कोणत्या दिवशी मी काय खाल्लं, किती वेळ उभी होते, हे आठवून आठवून एका वहीत लिहिलं. नवऱ्याने ती वही एकदा वाचली आणि कपाटावर ठेवून दिली. पुढे त्याला इथल्या दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली. तो आधी आला, सहा महिन्यांनी मी आले, आणि आल्यावर दोनच महिन्यांत पुन्हा दिवस राहिले.

त्यामुळे मेसेज त्याच्या फोनवर येणं मला सोयीचंच वाटलं. मीच त्याला म्हणाले होते, "या वेळी मी काही शोधणार नाही. जे येईल तेवढंच वाचणार." तो खूश झाला होता.

आणि मेसेज छान असायचे. तो कारखान्यातून दुपारच्या सुट्टीत पुढे पाठवायचा. एकदा आलं, तुमचं बाळ आता फिजोआएवढं आहे. फिजोआ म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. दोन दिवसांनी शेजारच्या आजींनी कुंपणावरून पिशवीभर हिरवी, अंडाकृती फळं दिली आणि म्हणाल्या, "फिजोआ. ढीगभर आहेत, संपत नाहीत." मी एक फळ तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. मग आलं, बाळाला आता तुमचा आवाज ऐकू येतो. त्या दिवसापासून मी घराजवळच्या तळ्याभोवती फेरी मारताना बाळाशी मराठीत बोलू लागले. समोरून पळत येणारे लोक हसून हात करायचे. त्यांना वाटायचं मी फोनवर बोलते आहे.

रोज सकाळी उशिरा, म्हणजे भारतात पहाट असताना, आईचा व्हिडिओ कॉल यायचा. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. पहाटे उठायचं, बुद्धवंदना म्हणायची आणि मग मला फोन करायचा, हा तिचा नेम. आमच्या वस्तीतल्या किती मुलींना तिने दहावीपर्यंत ओढत नेलं होतं. मुलगी शाळेतून काढायला आलेल्या बापाला ती वर्गाबाहेर उभी राहून सांगायची, "तिचं आयुष्य आहे, तिला सगळं कळलं पाहिजे." हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. आईला मी दर आठवड्याचा मेसेज वाचून दाखवायचे, मराठी करून. ती म्हणायची, "किती व्यवस्थित आहे गं तिकडे सगळं."

जूनमध्ये धुकं सुरू झालं. हॅमिल्टनचं धुकं कधी कधी सकाळचे अकरा वाजले तरी हलत नाही. घर गरम करणाऱ्या हीट पंपाची घरघर, काचांवरून ओघळणारं पाणी, आणि खिडकीबाहेर समोरचं घरही दिसत नाही. नवरा साडेसहाला निघायचा. मी कपडे मशीनला लावायची आणि मशीनसमोर खाली बसून रडायची. कारण काही नसायचं. मशीन थांबलं की उठायचं, तोंड धुवायचं. दोन-तीन आठवडे असं चाललं. मी नवऱ्याला सांगितलं. तो जवळ बसला, पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "हवेमुळे होतं. इथे सगळ्यांनाच होतं पहिल्या थंडीत."

मी विचारलं, "याबद्दल काही येत नाही का रे मेसेजमध्ये?"

"खाण्यापिण्याचंच असतं बहुतेक," तो म्हणाला.

जुलैमध्ये मी इथलं सिम घेतलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या छोट्या किराणा दुकानात, सहज मिळालं. त्याला म्हणाले, आता मिडवाइफला माझा नंबर देऊ या. तो म्हणाला, "अगं, मी पाठवतोच आहे ना? कशाला तिला परत त्रास?" मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला कशाला त्रास, असंच वाटलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आई आली. ऑकलंड विमानतळावर तिने आणलेले अळीव काढून घेतले, बिया आणायला बंदी आहे म्हणून, आणि हॅमिल्टनपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात ती त्याचंच दुःख करत होती. ती आली आणि माझं रडणं थांबलं. घरात मराठी बोलणारा आणखी एक आवाज आला एवढ्यानेच निम्मं हलकं वाटलं. नवऱ्याचं आणि तिचं छान जमायचं. तो तिला "आई" म्हणायचा, ती त्याला अहो-जाहो करायची. दोघं मिळून भाजी निवडायचे. मी सोफ्यावर पाय वर करून त्यांच्याकडे बघायची आणि मला वाटायचं, माझ्यासारखी नशीबवान मीच.

तेहतिसाव्या आठवड्यात माझे पाय सुजले. बूट चढेनात, म्हणून मोज्यांवर जंडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून मी फिरू लागले. मग बोटं सुजली, अंगठी निघेना. मग डोकं दुखायला लागलं, कपाळापाशी, थांबतच नव्हतं. आई म्हणाली, "आठव्या महिन्यात येतेच सूज. तुझ्या वेळी माझे पाय कोहळ्यासारखे झाले होते."

एका शनिवारी दुपारी नवरा सिंकपाशी तांदूळ धूत होता आणि आई टेबलाशी मटार सोलत होती. मी विचारलं, "सुजेबद्दल काही आलंय का रे मेसेजमध्ये? किंवा डोकेदुखीबद्दल?"

तो पाठमोराच होता. "नाही," तो म्हणाला. "तसं काही नाही आलेलं."

आई मटार सोलत राहिली.

मी निर्धास्त झाले. हे कोणाला सांगितलं की लोक विचारतात, तू स्वतः मिडवाइफला फोन का नाही केलास? एवढी शिकलेली तू. पण मी सहा महिने त्या मेसेजवर विसंबून होते. मनात पक्कं बसलं होतं की काही घाबरण्यासारखं असतं तर त्यांनी कळवलं असतं. त्यांनी कळवलं नाही, म्हणजे काही नाही.

पुढच्या गुरुवारी मिडवाइफकडे तपासणी होती. तिने दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं. परत घेतलं. मग दुसऱ्या हाताचं घेतलं. लघवीत पट्टी बुडवून बघितली. तिचा आवाज बदलला नाही, पण ती एकदम हळू बोलायला लागली.

"डोकं दुखतं का?"

"हो. आठ-दहा दिवस झाले."

"डोळ्यांपुढे काही चमकतं?"

"काल सकाळी चमकलं. मला वाटलं उन्हामुळे."

तिने माझ्याकडे बघितलं. "पण तू तर नाही म्हणालीस."

"कधी?"

तिने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. नऊ दिवसांपूर्वीचा मेसेज होता. सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, हात किंवा चेहरा सुजणं, यातलं काही होत असेल तर वाट बघू नका. तुम्हाला असं काही होतंय का? हो किंवा नाही असं कळवा. त्याखाली उत्तर होतं, इंग्रजीत, नीट विरामचिन्हांसकट. नाही. मी अगदी छान आहे. धन्यवाद.

"हे मी नाही लिहिलं," मी म्हणाले.

खोलीत आम्ही तिघं होतो. तिसऱ्या माणसाकडे बघायला मला थोडा वेळ लागला. तो त्याच्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत होता.

मिडवाइफने त्याला गाडी दारापाशी आणायला सांगितलं. तो गेल्यावर ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, "घरात तुला सुरक्षित वाटतं ना?" मी पटकन हो म्हणाले. तो प्रश्न ती का विचारते आहे हे मला गाडीत बसल्यावर कळलं. माझ्या नवऱ्याबद्दल कोणी असा प्रश्न विचारावा, याची मला त्याही अवस्थेत लाज वाटली, आणि लाज मला का वाटावी, म्हणून रागही आला. उठताना ती म्हणाली, "नंबर मी तुझाच घ्यायला हवा होता. ती माझी चूक." त्या सगळ्या आठवड्यात चूक कबूल करणारी ती एकटीच.

गरोदरपणात बीपी असं वाढतं तेव्हा आईला झटके येऊ शकतात, बाळाला मिळणारं रक्त कमी होऊ शकतं, हे हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने मला शांतपणे समजावलं. सलाईन लावली, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं. म्हणाली, शक्य झालं तर एक-दोन दिवस थांबू, नाहीतर लगेच सिझेरियन. नवरा खुर्चीवर बसला होता. मी हात पुढे केला आणि म्हणाले, "फोन दे."

त्याने दिला. पासवर्ड आम्हाला एकमेकांचा माहीत होता. आमच्यात लपवण्यासारखं काही नाही याचा आम्हाला मोठा अभिमान होता.

मी पहिल्यापासून वाचायला लागले. फिजोआ होतं, बाळाला आवाज ऐकू येतो ते होतं. पण त्यांच्यामध्ये कितीतरी मेसेज होते जे मी कधी पाहिलेच नव्हते. रक्त दिसलं तर काय करावं. बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच फोन करा. त्याने सगळं चाळून घेतलं होतं. गोड ते मला, बाकी त्याच्याकडे.

आणि प्रश्न होते, आणि सगळ्या प्रश्नांना उत्तरं होती. जुलैमधला एक प्रश्न, मशीनसमोर बसून रडण्याच्या दिवसांतला. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास किंवा हताश वाटलं का? नाही. झोप लागते का? हो, मस्त. मनातलं बोलायला तुमच्याजवळ कोणी आहे का? हो, माझा नवरा.

हे त्याने लिहिलं होतं. "मी" म्हणून लिहिलं होतं. आठवड्यामागून आठवडा एक बाई त्याच्या फोनमधून उत्तरं देत होती, तिची झोप चांगली होती, तिला कसलीच भीती नव्हती, ती सारखी धन्यवाद म्हणत होती. इथल्या लोकांच्या लेखी ती मी होते. मिडवाइफ दर वेळी मला "मजेत दिसतेस" म्हणायची ते त्या बाईला म्हणायची, मला नाही.

"का?" मी विचारलं.

"मागच्या वेळचं मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "ती वही. तू जेवत नव्हतीस. मला परत तसं नको होतं."

"मग मला नसतं पाठवायचंस. उत्तरं का दिलीस?"

"नाही दिली तर ते फोन करतात. एकदा आला होता मला, उत्तर राहिलं म्हणून. मला वाटलं तुला कळेल."

"मी तुला विचारलं होतं. तू तांदूळ धूत होतास. मी सरळ विचारलं होतं."

आजही, इतक्या वर्षांनी, मी त्या एका दुपारपाशीच अडते. बाकी सगळं मी समजून घेऊ शकते. घाबरलेला माणूस काय काय करतो ते मला माहीत आहे, मीही वही लिहिली होती. पण त्या दिवशी त्याला माझे सुजलेले हात दिसत होते, तो मेसेज वाचून चार दिवस झाले होते, आणि तो नाही म्हणाला.

मग मी ते केलं जे करायला नको होतं, किंवा बरं झालं केलं, मला अजून ठरवता येत नाही. मी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आईचं नाव उघडलं. का उघडलं ते सांगता येणार नाही. आईने मटारावरून मान वर केली नव्हती, तेवढंच डोक्यात होतं.

त्या डोकेदुखीच्या मेसेजचा फोटो त्याने आईला पाठवला होता, खाली मराठीत अर्थ लिहून. विचारलं होतं, "आई, हिला सांगू का?" आणि आईचं उत्तर होतं, "तिला दाखवू नका. उगाच घाबरेल. मागच्या वेळी वाचून वाचूनच जीवाला लावून घेतलं होतं. सूज सगळ्यांना येते. मी आहे ना, मी लक्ष ठेवते."

आई तेव्हा आमच्याच घरात होती. बाजूच्या खोलीत. तो बैठकीच्या खोलीत, ती आतल्या खोलीत, आणि मी दोघांच्या मध्ये, स्वयंपाकघरात कुठेतरी, पाय सुजलेली. माझ्या अंगाबद्दल ते दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांना लिहीत होते.

मुलगी शनिवारी सकाळी सिझेरियनने झाली. चौतीस आठवड्यांची, दोन किलोलाही थोडी कमी. रडली, हे मला पडद्यामागून ऐकू आलं. तिला लहान बाळांच्या विभागात काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला दुसऱ्या मजल्यावर. बीपी उतरायला चार दिवस लागले. नवरा चाकाच्या खुर्चीवरून मला तिच्याकडे न्यायचा. नर्स म्हणायच्या, किती काळजी घेतो. घेतच होता. त्याने दूध काढायच्या पंपाची बाटली धुतली, लेबलं लावली, माझे केस विंचरले. मी त्याच्याशी बाळाबद्दल बोलायचे आणि बाकी काही बोलायचे नाही.

आई भेटायला आली तेव्हा बाळ बघून रडली. मी म्हणाले, "आई, तो मेसेज मी वाचला. तुझं उत्तरही वाचलं."

तिने पदराने डोळे पुसले. "तू घाबरली असतीस गं."

"घाबरले असते आणि फोन केला असता."

"झालं ना सगळं नीट शेवटी?"

"तू आयुष्यभर लोकांच्या मुलींसाठी भांडलीस, तिला सगळं कळलं पाहिजे म्हणून."

ती बाळाच्या पेटीकडे वळली. मग म्हणाली, "तुझ्या वेळी डॉक्टर तुझ्या बाबांशी बोलायचे. मी बाहेर बाकावर बसायचे. आत काय बोलणं झालं हे मला कोणी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वाटलंच नाही विचारावं असं." पुढे म्हणाली, "शाळेतलं वेगळं असतं."

ती माफी नव्हती. पण ती खोटं बोलत नव्हती, हेही मला कळलं.

अडीच आठवड्यांनी आम्ही बाळाला घरी आणलं. त्याआधी, हॉस्पिटलमध्येच, मी मिडवाइफला माझा नंबर दिला आणि नवऱ्याचा काढून टाकायला लावला. बाळंतपणानंतरचे मेसेज माझ्याकडे यायला लागले. पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला, तुम्हाला कसं वाटतंय? मी तो प्रश्न दोनदा वाचला. मग लिहिलं, मला माझ्या घरातल्या माणसांवर विश्वास ठेवता येत नाही. पाठवल्यावर तासाभरात मिडवाइफचा फोन आला. "मी उद्या येते," म्हणाली, आणि आली. पुढे तिनेच मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांच्याकडे मी आधी एकटी जायचे, नंतर आम्ही दोघं जायचो. नवऱ्याने तिथे सगळं सांगितलं. मला वाईट वाटलं. तरी त्याच्या बाजूने मला बोलता आलं नाही.

एकदा घरी आली असताना मिडवाइफने बाळाच्या काविळीबद्दलचं पत्रक आईच्या हातात दिलं, मी बाळाला पाजत होते म्हणून. आईने ते घेतलं नाही. हात मागे घेऊन म्हणाली, "गिव्ह टू हर. शी विल रीड." इंग्रजी बोलायला ती लाजायची, पण हे स्पष्ट बोलली. मी मान खाली घातली, डोळे भरून आले होते. मला वाटलं, झालं, आता मिटलं. फेब्रुवारीत ती परत गेली तेव्हा विमानतळावर मी तिला घट्ट मिठी मारली.

मी गाडी शिकले. वाचनालयात नोकरी लागली. मुलगी आता पाच वर्षांची आहे, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. नवरा आणि मी एकत्र आहोत. त्या सगळ्यानंतर त्याने माझा फोन कधी हातात घेतलेला नाही, वाजत असला तरी मला आणून देतो. आम्ही हसतो, भांडतो, सुट्टीत समुद्रावर जातो. पण मी त्याला प्रश्न दोनदा विचारते. त्याला ते कळतं. तो दोन्ही वेळा उत्तर देतो.

गेल्या मार्चमध्ये पुण्याच्या एका मावसबहिणीचा मेसेज आला. "मावशीचं टाके काढणं झालं, आता चेहऱ्यावर तरतरी आहे, तू काळजी करू नकोस." कसले टाके, हे मला माहीत नव्हतं. मी लगेच फोन लावला. आईला छातीत गाठ लागली होती. तीन महिन्यांपूर्वी. तपासणी, ऑपरेशन, सगळं झालं होतं. या काळात ती रोज सकाळी माझ्याशी व्हिडिओवर बोलत होती, कॅमेरा चेहऱ्याच्या खाली जाऊ न देता. दोन दिवस तिने वायफाय बंद पडल्याचं सांगितलं होतं. तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती.

"गाठ साधी निघाली गं," ती म्हणाली. "तू तिकडे इतकी लांब. तुला सांगून तुझ्या जीवाला घोर कशाला?"

मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी तिचा फोन चार वेळा आला, मी घेतला नाही. मुलगी विचारत होती, "हू इज इट, मम्मा?" मी म्हणाले, आजी. "वाय आर यू नॉट पिकिंग अप?" तिला तरी खोटं सांगायचं नव्हतं, म्हणून म्हणाले, "मी आजीवर खूप रागावले आहे."

दुसऱ्या दिवशी मी आईला एवढंच लिहिलं, "सगळे रिपोर्ट पाठव. प्रत्येक पान."

मग फोटो यायला लागले. तिला नीट काढता येत नव्हते. एकात तिचं बोट, एकात टेबलावरचा चष्म्याचा डबा, एक पान उलटं. एकूण बावीस फोटो. मी वाचनालयाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून एकेक मोठा करून वाचला. गाठ खरंच साधी होती. शेवटच्या, ऑपरेशनच्या संमतीच्या पानावर, रुग्णाच्या नातेवाइकाची सही असते त्या जागी, दुसऱ्या कोणाचीच सही नव्हती. तिने स्वतःच केली होती, शाळेच्या हजेरीवर करायची तशी, पूर्ण नाव लिहून.